डोकं मलाबी हाय

सर तन्वीच्या पाठीमागं उभे राहून तिच्या चेस्ट गार्डच्या दोऱ्या बांधत होते. जास्त आवळलं का, असं विचारून परत जरा सैल केल्या. मग डोक्यावर हेड गार्ड. हातापायांना पॅड. तिची बांधाबांध झाली तशी मी पुढं झाले आणि दोन्ही हात वर केले. माझ्याही दोऱ्या बांधतील म्हणून.

सर हसले.

"तुला कशाला गं? तुझी हाडं गावाकडची. शेणामातीत वाढलेली तू. तुला काय होतंय?"

हॉलमधली सगळी पोरं हसली. भिंतीकडेला खुर्च्यांवर बसलेल्या त्यांच्या आयाही हसल्या. माझे हात तसेच वर राहिलेले. ते मी खाली घेतले.

आणि मीही हसले.

तायक्वांदोचा हा क्लास बेळगावात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. मी खानापूरजवळच्या गुंजीची. घरी भातशेती. खानापूरच्या शाळेत असताना सरांनी एकदा माझी लाथ बघितली आणि आप्पांना म्हणाले, "पोरीत दम हाय. पाठवा बेळगावला. फी नको." पुढं मी कॉलेजलाही बेळगावातच जायला लागले. कॉलेज सुटलं की क्लास, क्लास सुटला की रेल्वे. आप्पा गावभर सांगत फिरायचे, पोरीला सरांनी फुकट घेतलंय.

फुकट म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. क्लासातली बाकीची पोरं वकिलांची, डॉक्टरांची, प्राध्यापकांची. त्यांना लाथा मारायला कोणीतरी समोर लागायचं. ती मी. तन्वीसमोर तर रोजच. तन्वी मोठ्या वकिलांची मुलगी. माझ्याच वयाची.

गार्डवर लाथ बसली की मोठा आवाज येतो. माझ्या बरगडीवर बसली की आवाज यायचा नाही. नुसता श्वास अडकायचा. मी तोंडावर काही दिसू द्यायचे नाही. गावाकडची हाडं ना. ती मला शाबासकी वाटायची.

हॉलमधल्या कपाटात क्लासची गार्ड होती. सगळ्यांसाठीची. एकदा सर यायच्या आधी मी त्यातलं हेड गार्ड काढून घातलं. सरांनी बघितलं. तसंच खेळू दिलं. क्लास सुटल्यावर मी जिन्यात चपला घालत होते. आतून तन्वीच्या आईचा आवाज आला.

"सर, ते हेड गार्ड आता आमच्या मुलांना देऊ नका हं. कुठून कुठून येतात या मुली. डोक्याला तेल, घाम. तिचं काहीतरी वेगळं ठेवा ना."

"न्हाय देत, मॅडम. तुम्ही काळजी करू नका."

वेगळं काही आलंच नाही. कपाटाला कुलूप मात्र आलं.

त्या संध्याकाळी रेल्वेत बसून मी माझ्या वेणीचा वास घेतला. खोबरेल तेल. तन्वीच्या केसांनाही तोच वास असायचा.

हाडांचं नुसतं निमित्त होतं. तरी मी जात राहिले. मला खेळायचं होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरवतो, असं सरांनी कबूल केलं होतं.

मग एके दिवशी तन्वीची टाच माझ्या तोंडावर बसली. ओठ फाटला. पुढचा दात हलायला लागला. तन्वी घाबरून "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली. सर म्हणाले, "चूळ भर आणि ये की परत."

घरी आईनं पदर ओला करून माझा ओठ पुसला. कपडे बदलताना तिला माझ्या बरगड्या दिसल्या. काळ्यानिळ्या.

"त्या पोरीबी अशाच हुत्यात व्हय गं?"

"त्या गार्ड घालत्यात."

"आणि तू?"

"माझी हाडं घट्ट हाईत म्हणत्यात सर."

आईनं हात माझ्या बरगडीवर ठेवला. मग म्हणाली, "तुझी हाडं कशी हाईत, त्ये मला ठावं हाय. लागतंय न्हवं तुला?"

मला रडू फुटलं. क्लासात गेल्यापासून हा प्रश्न मी स्वतःलासुद्धा विचारला नव्हता.

स्पर्धेआधी एका रविवारी सरांनी पालकांना बोलावलं. पोरांची तयारी दाखवायला. खुर्च्या भरल्या. तन्वी नव्या गार्डात उभी. सरांनी मला हाक मारली. मी मॅटवर गेले, पण रेषेवर उभी राहिले नाही.

"सर, गार्ड द्या."

"आता कुठलं गार्ड? चल की."

"लागतंय, सर."

"आजच लागायला लागलं व्हय?"

"पयल्यापास्नं लागतंय. मला गार्ड नसंल तर तन्वीचंबी काढा. दोघी तशाच खेळू."

तन्वीनं माझ्याकडं बघितलं. मग हनुवटीखालचा पट्टा सोडायला हात नेला. तिची आई ताडकन उठली.

"तन्वी! अजिबात काढायचं नाही! डोक्याला लागलं म्हणजे?"

मी त्यांच्याकडं वळले.

"काकू, डोकं मलाबी हाय."

त्या खाली बसल्या. सरांचा चेहरा लाल झाला.

"लई शहाणी झालीस. फुकट शिकवलं त्याचं हे फळ? खेळायचं तर खेळ. न्हायतर जिना तिकडं हाय."

मॅटवरून उतरताना वाकायचं असतं. मॅटला, मग सरांना. मी मॅटला वाकले. सरांना वाकले नाही. जिना उतरून खाली आले. मागून कोणी हाक मारली नाही.

घरी आप्पा भडकले. "मोठी माणसं हाईत ती. उद्या कामाला पडली असती. एक शब्द गिळला असतास तर काय झालं असतं?"

मी म्हटलं, "आप्पा, आजवर गिळतच होते."

दोन-तीन दिवसांनी सरांचा आप्पांना फोन आला. त्यांना तन्वीसमोर उभं राहणारं दुसरं कोणी मिळालं नसावं. आप्पांनी स्पीकर लावला.

"पाठवा पोरीला. गार्ड देतो. स्पर्धेतबी उतरवतो. फक्त सगळ्यांसमोर चूक झाली म्हणू दे."

आप्पा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. खरं सांगते, मला त्या स्पर्धेत खेळायचं होतं. इतकं की 'चूक झाली' हे शब्द ओठांवर आले होते. मी फोन हातात घेतला.

"सर, चूक माझी न्हाय. मी येणार न्हाय."

आणि फोन ठेवला. आप्पा उठून शेताकडं गेले. बरेच दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. आई बोलत होती.

त्या स्पर्धेत मी नव्हते. तन्वीला पदक मिळालं. पेपरात फोटो आला. शेजारी सर, गळ्यात हार.

आता मी खानापुरात तायक्वांदो शिकते. शाळेच्या मैदानावर एक मॅडम क्लास घेतात. गेल्या गेल्या मी त्यांना विचारलं, "गार्ड सगळ्यांना मिळतं?" त्या म्हणाल्या, "मिळतं म्हणजे? घातल्याशिवाय मी उभंच करत न्हाय." मग मी चप्पल काढली. इथली गार्ड जुनी आहेत. शिवण उसवली की आम्हीच टाके घालतो. एकीनं काढलं की दुसरी घालते.

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. बेळगावच्या क्लासात लढत सुरू व्हायच्या आधी सर माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "तन्वीला हळू मार. तिला लागू देऊ नको." आणि मी हळू मारायचे. गार्ड तिच्या अंगावर, आणि जपायची तिला मीच.

यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेत मी खानापूरकडून उतरणार आहे. तन्वीही असेल. तिच्यावर माझा राग नाही. पण ती समोर आली तर माझ्या पायात जेवढी ताकद आहे तेवढी सगळी लावणार. तिनंही लावावी. मी हरले तर हरले.

हळू मारणार नाही.