खिळ्यावरची किल्ली

डाव्या किडनीला सूज आहे, पण सौम्य, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले. सौम्य म्हणजे गरीब बिचारी, तिला काय घाबरायचं?

त्याआधी कांदिवलीच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मी भाव खाऊन घेतला होता. पोटभर पाणी पिऊन बसलेल्या बायका चुळबुळत होत्या, मी आपली निवांत. सोबत आलेल्या नातीला म्हटलं, गोरेगावच्या ऑफिसात नऊ ते सहा मी एकदाही लघवीला गेले नाही.

जाणार कशी? बायकांच्या संडासाची किल्ली हेडक्लार्कच्या पाठीमागे खिळ्याला टांगलेली. ती मागायची म्हणजे अख्ख्या हॉलला कळणार. बाकीच्या जणी खुशाल मागायच्या. मी पाणीच पीत नसे, आणि त्यांना निर्लज्ज म्हणत असे. एकवीस वर्षं! काय ती ऐट त्या बावळटपणाची.

लघवी करून आल्यावर पुन्हा तपासलं, तर निम्मीअधिक आतच. ताणून ताणून मूत्राशय सैल पडलंय, रिकामं होत नाही, म्हणून वर किडनीत तुंबतं, असं डॉक्टरांनी समजावलं. खडा नाही, गाठ नाही, तेव्हा ऑपरेशन नको. दर तीन तासांनी जायचं, झालं की जरा थांबून पुन्हा करायचं, जोडीला गोळी. महिन्याने परत सोनोग्राफी. नाहीच उतरली सूज, तर लघवी काढायला नळी.

नातीने माझ्या मोबाईलवर गजर लावले. एक देवळात आरतीत वाजला, एक लग्नाच्या पंगतीत. मी मुकाट उठायचे आणि जाऊन बसून राहायचे. येत काही नसे.

महिन्याने उजवीकडेही सूज. आता दिवसातून चार वेळा स्वतःच्या हाताने नळी घालायची, नाहीतर किडन्या जातील. नर्सने आरसा धरून शिकवलं. माझ्या नातीच्या वयाची पोर. पहिल्यांदा रक्त आलं. एक किल्ली मागायची लाज वाटली होती मला.

रिक्षात मी हेडक्लार्कच्या पाठीमागच्या किल्लीचं सांगितलं, तेव्हा नातीने विचारलं, "आजी, ते किल्ली द्यायला नाही म्हणायचे का गं?"

"मागितलीच नाही कधी."

घरी आल्यावर तिने नळ्यांचा डबा बाथरूममध्ये, माझा हात पोचेल अशा फळीवर ठेवला. "कडी लावू नकोस हं. पडलीस तर?"

मी लावली.