टीव्हीतल्या गड्याची दृष्ट
मिरची जळल्याचा वास आला की भवानीनगरच्या कॉलनीत बघितलेली फुटबॉल वर्ल्ड कपची ती मॅच आठवते. ह्यांच्या लाडक्या स्ट्रायकरला त्याच्या देशाचा गोलांचा विक्रम मोडायला एकच गोल हवा होता, पण चेंडू सारखा खांबाला लागत होता. मी शहाणी उठले, टीव्हीवरून मीठमिरच्या ओवाळल्या आणि तिथंच शेगडीत टाकल्या. सगळे खोकत अंगणात पळाले. "एवढा ठसका? म्हंजे त्याला दिष्ट लागलीच न्हवती, बये," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि आत टीव्हीवर गोलचा गलका झाला. धूर निवळेपर्यंत रिप्लेही संपला, आणि गोल हुकला म्हणून हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. परवा मी तो गोल मोबाईलवर बघितला. समोर गोलकीपरही नव्हता, मलासुद्धा जमला असता. ह्यांना दाखवलेला नाही. इतकी वर्षं ते त्याला फार मोठा गोल समजतायत.