वकिलांचं बिऱ्हाड

अपंगांच्या संस्थेत सगळे त्यांना वकील म्हणत. कायद्याचं पुस्तक त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं. पण दिवे नऊलाच का मालवायचे, भाजी अळणी असली तरी ‘छान’ का म्हणायचं, यावर व्हीलचेअरमध्ये बसल्या बसल्या ते अशी उलटतपासणी घेत, की संचालकांना घाम फुटे. लहानपणी पाय गेले आणि पायांपाठोपाठ घरचेही. तेव्हापासून केस पिकेपर्यंत ते संस्थेत होते. ‘आम्हाला माणसांत राहू द्या’ या एकाच मागणीने त्यांनी साऱ्यांचे कान किटवले, आणि शेवटी एका इमारतीत तळमजल्याची खोली मिळवली. सोबत हाताने फिरवायचं शिलाई मशीन.

इमारतीचे सेक्रेटरी भारावून गेले. भारावलेला माणूस फार धोकादायक. त्यांनी घरोघरी पाळ्या लावल्या. सातच्या ठोक्याला शेजारच्या काकू चहा आणत, साखर ढवळूनच. दुपारी मास्तर पेपर वाचून दाखवत, जणू वकिलांचे डोळेही गेले होते. आणि रात्री नऊला सेक्रेटरी जातीने येऊन, “दमला असाल हो!” म्हणत दिवा मालवत.

वकिलांनी कपाळाला हात लावला. एवढं भांडून संस्था सोडली, तर संस्था पाठोपाठ राहायला आली!

त्या रात्री त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि सकाळी मनसोक्त झोपले. सातला चहा दारात निवला. काकूंनी हंबरडा फोडला, सेक्रेटरींनी खांदा लावला, कडी तुटली. आत वकील घोरत होते.

“जिवाशी खेळ नको,” सेक्रेटरी कळवळून म्हणाले. “तुम्ही आपले संस्थेत परत जा. महिनाअखेरीला मी स्वतः पोचवतो.”

“मास्तर रविवारी दहापर्यंत लोळतात. त्यांचं दार कधी फोडलंत?”

“त्यांची गोष्ट वेगळी.”

एवढं बोलून सेक्रेटरी तुटलेली कडी घेऊन गेले. आयुष्यातला सगळ्यात मोठा खटला वकील लोकांच्या मायेपुढे हरत होते. निदान हातातलं काम तरी पुरं करावं, म्हणून त्यांनी भर दुपारी मशीन फिरवायला घेतलं.

वर सेक्रेटरींची वामकुक्षी मोडली. ते बनियनवरच तरातरा खाली आले.

“अहो, ही काय वेळ आहे खडखडाट करायची? इमारत काय तुमच्या तीर्थरूपांची आहे?”

“इमारत नाही, खोली माझी आहे! आणि तुमचा रेडिओ पहाटे कोकलतो, तो कुणाच्या तीर्थरूपांचा?”

“तोंड सांभाळून बोला!”

“तुम्ही आधी रेडिओ सांभाळा!”

गॅलऱ्या माणसांनी भरल्या. काकू आधी सेक्रेटरींच्या बाजूने होत्या; रेडिओचा विषय निघताच त्या फितूर झाल्या.

“पुढच्या सभेत तुमच्याविरुद्ध ठरावच आणतो!” सेक्रेटरी ओरडले. “हिंमत असेल तर या सभेला!”

“येतो की! पण सभा तुमच्या तिसऱ्या मजल्यावर नको. खाली घ्या.”

महिनाअखेर आली नि गेली. वकिलांना पोचवायची आठवण कुणालाच झाली नाही. बिचाऱ्याला परत पाठवता येतं. खालच्या बिऱ्हाडातल्या भांडखोराला कोण पाठवणार? आणि सेक्रेटरींना तर ठराव जिंकायचा होता, त्यासाठी विरोधक जागेवर हवा. सभा जिन्याखाली भरली. मशीनचा विषय यायच्या आधीच वकिलांनी पाण्याच्या टाकीवरून आणखी दोन शत्रू केले.