शालिनीताईंनी खोडलेलं वाक्य

शालिनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांनीच सांगितलेला एक अर्ज टाइप करत होतो. काम टाकून निघावं की पुरं करावं, कळेना. पुरं केलं. नाहीतर त्याच रागावल्या असत्या... याला आता पाच आठवडे झाले.

कॉलेजच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि कोथरूडला ताईंच्या वकिलीच्या खोलीत टायपिंगला जाऊ लागलो. बाई फटकळ. चहा पाजायच्या, पण चूक काढल्याशिवाय नाही. एकदा फरिश्ता धावत आली. कायदा शिकणारी अफगाण मुलगी. तिची आई काबूलमध्ये घरात लपून मुलींना शिकवायची, ते उघडकीला आलं आणि जिवावर बेतलं. आई कशीबशी मुंबईला उतरली, तर कागद अपुरे म्हणून तिला विमानतळावरच अडवलं. संध्याकाळच्या विमानानं परत पाठवणार होते. ताई मजकूर सांगत गेल्या, मी बडवत गेलो. आणि शेवटी, तीस वर्षं परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे अर्ज केल्याच्या सवयीनं, मी आपलं नेहमीचं वाक्य ठोकून दिलं: मुदत संपताच अर्जदार मायदेशी परत जाईल.

ताईंनी वाचलं आणि खोडलं. मी मनात म्हटलं, आता आपली धडगत नाही. पण त्या हळूच म्हणाल्या, "अहो बापट, तिथे तिला मारतील. परत पाठवू नका, एवढंच तर मागतोय आपण." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुंबईत ताईंच्या सहकाऱ्यानं हायकोर्टात अर्ज मांडला. सरकारी वकील म्हणाले, निर्वासितांच्या करारावर भारताची सहीच नाही, सीमेवरून परत पाठवायचा आम्हाला अधिकार आहे. ताईंनी उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं: सही नसेल, पण आपल्या घटनेनं जगण्याचा हक्क परक्या माणसालाही दिलाय. विमानाला दोन तास असताना कोर्टानं परत पाठवायला मनाई केली. फरिश्ता रडली, मीही रडलो. ताई मात्र पुढची तारीख कधीची, ते विचारत बसल्या.

खटला अजून चालू आहे. आई विश्रांतवाडीत लेकीपाशी राहते. मला वाटलं होतं, ताईंमागे ही खोली बंद होणार. पण ताईंच्या भाच्यानं किल्ली फरिश्ताच्या हातात ठेवली. आता दर सोमवारी एक तरुण वकील मुलगी तिथे बसते, फरिश्ता मदतीला, मी टायपिंगला.

गेल्या सोमवारी एक सुदानी बाई कागदांची पिशवी घेऊन दाराबाहेरच थबकली. आत यावं की नाही, तिला समजेना. आम्ही उठायच्या आत, त्या दिवशी लेकीबरोबर आलेली फरिश्ताची आई दाराशी गेली. तिला मराठी जेमतेम येतं, तेही ताईंचं ऐकून ऐकून.

"या," ती म्हणाली. "आत या. बसा."