माझं साफ लायसन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण आधीच एक बजावून ठेवते — वेगाची मला लाज वाटत नाही. आजही नाही.

खुटबावहून मी रोज शिरूरला शाळेत शिकवायला जाते. नवरा रेल्वेने दौंडला जातो, त्यामुळे गाडी त्याच्या नावावर असली तरी असते माझ्याच हातात. नदीचा पूल ओलांडला की न्हावऱ्यापर्यंत रस्ता मोकळा. पहाटेपासून सगळ्यांच्या तालावर नाचणारी बाई तेवढा अर्धा तास कुणाचं ऐकत नसे. नव्वद, शंभर — का सोडू मी तो अर्धा तास?

चलानचे मेसेज माझ्याच मोबाइलवर यायचे. गाडी घेताना नंबर माझा दिला होता. वेगमर्यादा ओलांडली, अमुक ठिकाण, अमुक वेळ, मागून काढलेला नंबरप्लेटचा फोटो. मी वाचायचे आणि पुसून टाकायचे. पाच झाले, सहा झाले. कुणाचं काय बिघडत होतं?

मग नवऱ्याच्या नावाने घरी नोटीस आली. दंड थकलाय, आणि त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते लेखी कळवा, त्याच्या लायसनवर कारवाई होईल. नवऱ्याने ती जेवताना वाचून दाखवली. आणि आता ऐका — गाडी रोज मी नेते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी पाहिलं माझ्या धाकट्या दिराकडे. संतोषभाऊजी शिक्रापूरच्या एका कंपनीची कामगारांची बस चालवायचे. ड्रायव्हर माणूस, त्यात सुट्टीला कधीमधी आमची गाडी नेणारा. बाईमाणूस कशाला एवढी पळवील? सासूबाई म्हणाल्या, "संत्याच आसंल."

गप्प बसले असते तर निदान भित्री म्हणवून घेता आलं असतं. पण मी गप्प बसले नाही. मी म्हणाले — भाऊजीच नेत होते.

ते ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी मी गाडी पुसत होते तेव्हा जवळ आले. "वहिनी, त्या टायमाला मी बसवर व्हतो. कंपनीत नोंद हाय माझी."

मी फडकं पिळलं. "मग तसं सांगा की सगळ्यांना."

ते सांगणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. थोरल्या भावजयीला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. असल्या रीतींनी माझा जन्मभर जीव खाल्ला. त्या दिवशी मात्र ती मला उपयोगी पडली.

गाडी मीच चालवत होतो, असं लिहून त्यांनी सही केली. लायसन तीन महिने निलंबित झालं. बसच्या ठेकेदाराने दुसऱ्याच दिवशी दुसरा ड्रायव्हर बसवला. तीन महिन्यांनी लायसन परत मिळालं, काम मिळालं नाही. जातील तिथे लोक आधी रेकॉर्ड बघतात. आता ते शिक्रापुरातच एका गोदामात खोकी उचलतात, पंचेचाळिशीत, कमरेला पट्टा बांधून.

तुम्हाला वाटेल, मी रडले असेन. नाही रडले. गाडी अजूनही पळवते, फक्त कॅमेरे कुठे आहेत ते पाठ झालंय. नीचपणा झाला तो शंभरच्या वेगाने जाण्यात नव्हता. तो फडकं पिळत दिलेल्या त्या उत्तरात होता, आणि तो मी समजून उमजून केला.

यंदा भाऊजींच्या प्राजक्ताला अठरा पूर्ण झाली. तिने शिकाऊ लायसन काढलं. आता हिला शिकवणार कोण, असा घरात विषय निघाला, तेव्हा भाऊजी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "काकीकडं शीक. तिचं लायसन साफ हाय." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

रविवारी मी तिला पारगावच्या रस्त्याला नेते. हात चांगला आहे पोरीचा, पण काटा चाळीसच्या पुढे गेला की पाय काढून घेते. परवा मी म्हटलं, रस्ता मोकळा आहे, जाऊ दे की जरा.

"नको काकी," ती म्हणाली. "मला पप्पांसारखं न्हाई व्हायचं."

मी तिला गिअर बदलायला सांगितलं.