एका टोल्याचे दोन आवाज

बँडमध्ये त्याला सगळे रेलगाडी म्हणत. ड्रमवर त्याचा रोल, म्हणजे भराभर टोल्यांची सलग सर, सुटला, की पुलावरून गाडी धडधडत गेल्यासारखं वाटायचं, आणि ही गाडी आजवर कधी रुळांवरून घसरली नव्हती. हॉलवाल्यांनी मोठ्या आवाजाला बंदी घातली, तेव्हा त्याने नाक मुरडतच इलेक्ट्रॉनिक सेट घेतला. पण हल्ली त्यातून एका टोल्याचे दोन आवाज येऊ लागले. दोष अर्थातच पेटीचा, म्हणजे सेटच्या मॉड्यूलचा. पॅडवर पडलेला टोला ओळखायचा आणि आवाज काढायचा, एवढंच तिचं काम, तेही धड जमेना! बँडमास्तरने निर्वाणीचं सांगितलं, "पेटी बदल, नाहीतर मला ड्रमर बदलावा लागेल."

म्हणून तो बायकोला घेऊन दुकानात आला. त्याला साधा शर्ट घ्यायलासुद्धा बायको लागते. पहिलं मॉड्यूल लावलं. ठप्-ठप्. "भंगार आहे हे," त्याने निकाल दिला. दुसरं चांगलं महागातलं. ठप्-ठप्. मग त्याने वायरीला नावं ठेवली, पॅडला ठेवली, शेवटी दुकानातल्या विजेलाही सोडलं नाही. दुकानदार बिचारा निमूटपणे वायरी बदलत राहिला. बायको गप्प होती. एरवी ती भाजी घेतानाही गप्प बसत नाही.

"काकू, तुम्ही मारा बघू एक," दुकानदार म्हणाला.

"मला कुठे येतंय?"

"नुसता एक टोला हो."

तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि स्टिक मारली. ठप्. पुन्हा मारली. ठप्.

रेलगाडीने उजवा हात खिशात घातला.

"तुला माहीत होतं?"

"सकाळी कपबशी वाजते तुमच्या हातात. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर अंगावर आलात."

दुकानदाराने घसा खाकरला. "काका, ह्यात एक सेटिंग आहे. एका टोल्यामागून लगेच आलेला दुसरा टोला पेटी गिळून टाकते. हात थरथरला तरी ऐकू येणार नाही."

"मग लावा की! इतका वेळ काय बघताय?"

"पण तुमचा रोलही तसाच येतो, टोल्यामागून टोला. पेटीला दोन्ही सारखेच."

सेटिंग लावलं. रेलगाडीने दात-ओठ खाऊन, होता नव्हता तेवढा जीव ओतून रोल सोडला. स्पीकरमधून आलं ते असं: ठप्. ठप्. ठप्. मधले सगळे बारीक टोले पेटीच्या पोटात गेले. एवढं तर कालपरवा शिकायला लागलेला कुणीही वाजवतो, हे त्याला कळत होतं.

"हेच बांधून द्या," तो म्हणाला.

"आणि रोल?"

"रोल कुणी मागितलाय? मास्तरला एका टोल्याचा एकच आवाज हवाय." तो हसला. बायको हसली नाही.

दुकानदार खोकं बांधू लागला. रेलगाडी स्टिक पिशवीत घालायला गेला, पण टोकं सारखी पिशवीच्या कडेवर आपटत राहिली. बायकोने त्या त्याच्या हातातून काढून घेतल्या. आजवर त्याने तिला त्यांना हातही लावू दिला नव्हता. आज त्याने घेऊ दिल्या.