दुसरं जायफळ

ही गोष्ट मी आतापर्यंत तिघांना सांगितली. दर वेळी थोडी कमी सांगितली. जो भाग गाळत आलो तोच खरा माझा होता. तो आता लिहितो, कारण लिहिताना समोरच्याचं तोंड दिसत नाही.

सीमाभागातल्या वडगावात आमचं घर आहे. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये साड्यांचे दोन पॉवरलूम. लग्न उशिरा झालं, लेक त्याहून उशिरा. ती झाली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. बायको एका इंग्लिश मीडियम शाळेत शिकवते. सकाळी आठला जाते, पाचला परत येते. मधल्या वेळात घरात मी, माझी आई आणि लेक.

लेक चालायला लागली आणि घरातली एकेक वस्तू वर चढू लागली. आधी चपला खिडकीत गेल्या, मग रव्याचा डबा फळीवर गेला, मग माझा चष्मा दाराच्या खुंटीला. तरी तिला काही ना काही सापडायचंच. मागासाठी सूत भरून ठेवलेल्या कांड्या ती दोन्ही हातांत धरून पळायची आणि न्हाणीतल्या बादलीत सोडायची. रंगीत सूत पाण्यावर पसरलं की टाळ्या वाजवायची. मी मागे धावायचो. गुडघे कुरकुरायचे. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणायचा, "आण्णा, नात लई चपळ हाय." मी एकदाही त्याला सांगितलं नाही की नात नव्हे, लेक आहे. तिचा हात धरून गपचूप पुढे जायचो. बाप म्हणून माझी पहिली चोरी ती असावी.

माग चालवायला लागणारा थ्री फेज करंट त्या दिवसांत दुपारी बारा ते चार मिळायचा. तेवढ्यात जे विणून होईल ते. सकाळी आई लेकीला बघायची, पण जेवून बीपीची गोळी घेतली की तिला झोप आवरायची नाही. आणि लेकीनं दुपारची झोप सोडून दिलेली. दीड वर्षाचं पोर दुपारी झोपत नाही म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच कळेल.

एकदा शेडचं दार मी नीट लावलं नव्हतं. तुटलेला धागा जोडून मान वर केली तर ती मोटारीपाशी उभी होती. मोटारीच्या फिरत्या पट्ट्यापासून तिचा तळवा चार बोटांवर होता. मी तिला उचललं आणि पाठीत जोरात चापट मारली. ती लगेच रडली नाही. आधी माझ्याकडे बघत राहिली, मग रडली. आई उठून आली.

"काय झालं रं?"

"पडली," मी म्हणालो.

आता गुटीचं सांगायला हवं. आमच्या गल्लीत आईला सगळे आक्का म्हणतात. कुणाच्याही घरी बाळ जन्मलं की पहिला सव्वा महिना आंघोळ घालायला आक्का जाणार, हे ठरलेलं. आंघोळ झाली की गुटी. दगडी सहाणेवर दुधाचे थेंब टाकून वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बदाम असं एकेक उगाळायचं. कशाचे किती वेढे घ्यायचे हे तिच्या बोटांना पाठ. बायका म्हणायच्या, आक्काचा हात खरा. आमच्या लेकीला तर ती दीड वर्षाची झाली तरी रोज सकाळी चमचाभर मिळायचीच. बायकोला ते फारसं पसंत नव्हतं, पण ती बोलत नसे.

जायफळाच्या बाबतीत मात्र आई फार कडक. उगाळताना मला सांगायची, "ह्याचा एकच येढा. जास्ती घातलं की पोर झोपतंय. आनी पोर झोपलं की घरच्यांना सवय लागतीया."

पट्ट्यापाशी ती सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी, आई झोपल्यावर, मी सहाण घेतली आणि जायफळाचे तीन वेढे घेतले. बशीतल्या दुधात कालवून लेकीला पाजलं. अर्ध्या तासात ती पोत्यावरच कलंडली. दोन तास झोपली. दोन्ही माग सुरळीत चालले. माझ्या मनात वाईट काहीच आलं नाही. उलट वाटलं, पट्ट्यापासून वाचवली.

तीन वेढ्यांचे पुढे पाच झाले, पाचाचे सात. ती आता लवकर झोपेना म्हणून वाढवत गेलो. आठवडाभरात आईच्या डबीतलं जायफळ एका बाजूनं सपाट दिसू लागलं. तिच्या नजरेला येईल म्हणून मी खडेबाजारात गेलो, एक नवीन जायफळ विकत घेतलं आणि शेडमध्ये रिकाम्या कांड्यांच्या खोक्यात लपवलं. घाबरलो होतो, दमलो होतो, करंटची वेळ तशी होती, हे सगळं मी आजही सांगू शकतो. पण दुसरं जायफळ विकत आणणाऱ्या माणसाला आपण काय करतोय हे माहीत असतं.

आणि आता गाळलेला भाग. महिन्याभरानं करंटची वेळ बदलली. सकाळी सहा ते दहा झाली. तेव्हा आठपर्यंत बायको घरात असायची, पुढे आई जागी असायची, लेक त्यांच्याकडे. दुपारी माग बंद. म्हणजे आता जायफळाची काही गरज नव्हती. तरी मी देत राहिलो. ती झोपली की शेडमध्ये पोतं अंथरून मोबाईल बघत पडायचो. कधी आई आत झोपलेली असताना बाहेरनं कडी घालून कोपऱ्यावर जायचो, चहा प्यायचो. चहावाला विचारायचा, "नात झोपली व्हय?" मी म्हणायचो, "झोपली." तास तास बसायचो. गप्पा त्याच, सीमाभागाचं काय होणार आणि कोण निवडून येणार. खरं सांगायचं तर त्या एका तासासाठी मी सकाळपासून डोळे लावून बसायचो.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी मी किती वेढे घेतले हे मोजलं नव्हतं. आधी मोजायचो.

साडेचार झाले तरी ती उठेना. हाक मारली, गालावर पाणी लावलं. डोळे अर्धे उघडायची आणि परत मिटायची. तोंड लाल झालेलं, ओठ कोरडे, आणि छाती हाताखाली नुसती धडधडत होती. मान टाकून दिलेली. तेवढ्यात बायको शाळेतून आली. पर्स खांद्याला तशीच ठेवून तिनं लेकीला उचललं. आई, ती आणि मी, एकाच रिक्षात बसून मुलांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, ठोके मोजले आणि कानडीत विचारलं, "कूसिग एन कोट्टीरी?" बाळाला काय दिलंत. कानडी मला मराठीइतकीच येते. कळलं नाही, असं म्हणायलाही जागा नव्हती.

बायको सासूकडे हात करून म्हणाली, "आमच्या आत्ती रोज गुटी देतात."

"त्यात जायफळ असतं का?" डॉक्टर मराठीवर आले.

आई पुढे झाली. "असतंय की. एकच येढा घालतो म्या. रोजच्यावानीच दिलं."

"एका वेढ्यानं पोर असं पडत नाही, आजी. तुम्हाला नीट दिसतं का? जायफळ म्हणजे घरातला मसाला नव्हे लहान पोराला. जास्त झालं तर विष आहे. आणि गुटीच मुळात बंद करा."

मी आईच्या मागे उभा होतो. माझ्या हातात लेकीची टोपी होती. आईनं एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं ती आधाराला कुणीतरी शोधत होती. मी टोपीची घडी घातली.

सलाईन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लेक उठून बसली, बिस्कीट मागितलं आणि सलाईनची नळी ओढायला लागली. तिला काही झालं नाही. हे आधी सांगायला हवं होतं, पण मलाही ते इतक्या उशिराच कळलं. घरी आल्यावर ते दुसरं जायफळ मी गटारात टाकलं.

बायको आरडाओरडा करणारी नाही. त्या संध्याकाळी तिनं गुटीची डबी आणि सहाण उचलून माळ्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "आत्ती, आता तिला मला इचारल्याशिवाय काय देऊ नका. बिस्कीट सुद्धा."

आई म्हणाली, "न्हाय देत गं." मग आपल्या बोटांकडे बघत, "डोळ्यानं दिसंना झालंय मला. येढं जास्ती पडलं असतील."

मला वाटलं होतं आई वाद घालेल. एकच येढा म्हणून शपथ घेईल. मग कदाचित मी बोललो असतो. पण तिनं स्वतःवरच विश्वास सोडला. आपल्या बोटांनी चूक केली हे तिनं मान्य करून टाकलं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

सात महिने. गल्लीत बातमी गेली, आक्कानं स्वतःच्या नातीला जायफळ जास्ती पाजलं. पलीकडच्या गल्लीत एक बाळ जन्मलं, आईला बोलावणं आलं नाही. लेक तिच्या मांडीवर चढायला गेली की आई आधी सुनेकडे बघायची. भात भरवायचा असला तर हात मागे घ्यायची, म्हणायची, "तुझ्या बापाकडनं खा." आणि मी भरवायचो. बायको मला म्हणायची, "तुमी हाय म्हणून शाळेत माझा जीव थाऱ्यावर ऱ्हातोय." हे वाक्य ऐकून माणूस कसा जेवतो, हे मला विचारू नका. मी जेवत होतो.

मग शेजारच्या काकूंची लेक बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बारा दिवसांनी काकू आमच्याकडे आल्या. माग बंद होते, शेडमध्ये मला सगळं ऐकू येत होतं.

"आक्का, कोन काय म्हनू दे. आंघोळीला तूच ये. माझी चार पोरं तुझ्याच हातची हाईत."

आई म्हणाली, "नगं गं. माझा हात आता खरा न्हाय. काय झालं तर तुझ्या लेकीच्या म्होरं तोंड कसं दाखवू."

"डोळं तपासून घे की मग."

"डोळ्याचं न्हाय ते. मोजायचं इसरलं मी. ज्याला मोजायचं ध्यान ऱ्हात न्हाय त्यानं दुसऱ्याच्या पोराला हात लावू नये."

मोजायचं मी विसरलो होतो.

काकू गेल्यावर मी आत आलो. आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. दुपारी मी द्यायचो, वेगळं जायफळ आणलं होतं, त्या दिवशीही मीच दिलं. करंटमुळे, म्हणालो. करंटची वेळ बदलल्यावरचं बोललो नाही.

ती तांदूळ निवडत राहिली. म्हणाली, "किती येढं?"

"मोजलं न्हाय."

"आनी मी दवाखान्यात तुझ्याकडं बघिटलं तवा?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"तुझ्या बायकोला सांगिटलंस?"

"न्हाय."

"मग मला कशाला आधी सांगालाईस? मी काय करू ते घिऊन?" तिनं सूप उचललं आणि शेडमागच्या परड्यात निघून गेली.

बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती उठली, आईकडे गेली, तिच्या पायांशी बसली. दोघींमध्ये काय बोलणं झालं मला माहीत नाही, दार लावलेलं होतं. बाहेर आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "मी काकूंना जाऊन सांगणार न्हाय. ते तुमचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी मी लेकीला कडेवर घेऊन शेजारी गेलो. एकटं जायची हिंमत नव्हती, खरं सांगतो. पुढच्या खोलीत काकू होत्या, पुण्याहून आलेला त्यांचा जावई होता, आतल्या दाराशी बाळंतीण बसलेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. जावई मोबाईलमधून मान वर काढून माझ्याकडे बघत राहिला. लेक त्यांच्या टीव्हीचा रिमोट ओढत होती.

काकू म्हणाल्या, "म्हंजे सात म्हैनं आईला बोलनी खायला लावलीस व्हय रं."

"व्हय."

"आनी आमी पन खुळ्यावानी बोललो तिला." मग बाळंतिणीकडे बघून म्हणाल्या, "ह्या बाबाच्या हातात आपलं पोर द्यायचं न्हाय बघ." बाळंतीण हसली. मला बरं वाटलं. हसण्याजोगा तरी उरलो होतो.

चहा नको म्हणून निघत होतो तर काकूंनी विचारलं, "येतीया का आक्का मग उद्या?"

"तिलाच इचारा."

त्यांनी विचारलं. आईनं दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी लुगड्याचा पदर खोचून गेली. दारातच त्यांना सांगून टाकलं, "आंघोळ घालतो. गुटी न्हाय देणार. डाक्टर म्हनतोय ते खरं हाय." कुणी आग्रह केला नाही.

मी आणि लेक आमच्या पायरीवर बसलो होतो. पलीकडून बाळाचं रडणं आणि आईचं एका सुरातलं बोलणं ऐकू येत होतं. लेक एकसारखी उठून तिकडे पळायची, मी तिला धरून आणायचो, ती परत पळायची. दुपारभर ती आता अशीच जागी असते. चहावाल्याकडे मी गेलो नाही. जाणार असलो तर तिला घेऊन जाईन, आणि लेक आहे म्हणून सांगेन, असं ठरवलं आहे. अजून गेलेलो नाही.

तासाभरानं आई आली. हात ओले, कपाळावर घाम. माझ्याशी ती अजून सरळ बोलत नाही. लेकीला म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, च्या ठेव म्हनावं."

लेक माझ्याकडे वळली आणि जेवढं जमलं तेवढं म्हणाली, "बाप, च्या."

मी आत जाऊन चहा ठेवला.